जव्हारच्या वाटेवरचा वणवा

आत्या जव्हारला राहते. तिच्याकडे जायचं तर घिवलीहून सुके बोंबील न्यावेच लागतात, नाहीतर दारातच विचारणा. बोईसर, चिल्हार फाटा, मनोर, विक्रमगड हा आमचा ठरलेला रस्ता. यंदा मार्चमध्ये विक्रमगड सोडलं आणि समोरचा डोंगरउतार धुराने भरलेला. पुढून आलेल्या जीपवाल्याने हात दाखवला, "गवत पार रस्त्यापर्यंत पेटलंय, मागे फिरा." आत्याला फोन केला, "जेवायला नाही, आता मुक्कामालाच येतो." दुपारी जव्हारचा जयविलास राजवाडा बघायचा बेत बारगळला. विक्रमगडला चहावर चहा झाले, संध्याकाळी रस्ता मोकळा झाला.

आपल्याकडचा वणवा कॅलिफोर्नियासारखा सहसा शेंड्यांवरून धावत नाही. वाळलेलं गवत आणि सागाचा पाचोळा खात तो जमिनीवरून सरपटतो. मोठी झाडं बहुधा तगतात. कोवळी रोपं आणि जमिनीवरची घरटी जातात. आग लागते ती बहुतेक माणसामुळेच. मोहाची फुलं वेचताना दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. पण सगळा दोष मोह वेचणाऱ्यांवर ढकलणं मला पटत नाही. गाडीतून भिरकावलेलं सिगारेटचं थोटुकही तेच करतं.

आग पसरू नये म्हणून वनखातं जाळरेषा काढतं, भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहांच्या मदतीने इशारे पाठवतं. विझवायला मात्र हिरव्या फांद्या घेऊन माणसंच धावतात. राखीव वनात आग लावणं १९२७च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे. धूर दिसला तर व्हिडिओ काढत बसू नका, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर आधी कळवा.