मडके वाजवून घेता, मग जुनी गाडी?

बाजारात साधे मडके घ्यायचे तरी ते बोटाने वाजवून पाहिले जाते. चीर गेली असेल तर आवाजच सांगतो. पण लाखो रुपयांची जुनी गाडी घेताना मात्र रंगाची चकाकी आणि गुबगुबीत सीट पाहून अनेक जण इसार देऊन मोकळे होतात.

तामिळनाडूतील कुंभकोणमचे तर नावच कुंभावरून पडले. प्रलयाच्या पाण्यात वाहत आलेला अमृतकुंभ इथे थांबला, अशी तेथील आदी कुंभेश्वर मंदिराची आख्यायिका. जवळच्या तंजावरवर १८५५ पर्यंत भोसल्यांचे राज्य होते आणि या भागात मराठी बोलणारी घरे आजही आहेत. त्यांतल्या एखाद्या घराने किंवा नोकरीनिमित्त तिकडे गेलेल्या कुटुंबाने जुनी गाडी घ्यायचे ठरवले, तर पहिला प्रश्न पाण्याचाच विचारायला हवा.

चेन्नई इथून सुमारे ३०० किलोमीटरवर आहे. तिथे डिसेंबर २०१५ च्या महापुरात आणि डिसेंबर २०२३ च्या मिचाँग चक्रीवादळात असंख्य गाड्या बुडाल्या. अशी गाडी धुऊनपुसून दुसऱ्या गावी विकायला येऊ शकते. २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा आणि २०२१ चा चिपळूणचा पूर आठवला, तर महाराष्ट्रातही ही काळजी तितकीच खरी आहे.

बुडालेली गाडी दुरुस्तीनंतर चालू होते, हीच खरी फसगत. वायरींचे सांधे आतून गंजत राहतात. काही महिन्यांनी काचा अडकू लागतात, दिवे मिणमिणतात आणि एअरबॅग ऐन वेळी उघडेल याची खात्री उरत नाही. मागच्या सीटवर मुले बसणार असतील, तर प्रश्न केवळ पैशांचा राहत नाही.

पाण्याच्या खुणा

गाडी दिवसाउजेडी पाहा. दार उघडताच कुबट वास किंवा अत्तराचा उग्र दर्प आला तर सावध व्हा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. आतल्या टोकाला मातकट रेघ दिसली तर पाणी तिथवर चढले होते. पायाखालचा गालिचा उचला, स्टेपनीखालच्या खोबणीत हात फिरवा, सीटखालच्या पट्ट्यांचा गंज पाहा. जुन्या गाडीत गालिचा तेवढा कोरा करकरीत असेल तर कारण विचारा.

इंजिन काय सांगते?

जाण्याआधी गाडी सुरू करून ठेवू नका, असे मालकाला सांगा. बॉनेट गरम लागले तर थंड गाडी सुरू होताना कुरकुरते की नाही, हे कळत नाही. धूर सतत निळसर येत असेल तर इंजिन ऑइल जळत आहे. ऑइलची पट्टी काढून पाहा. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. टायर एकाच बाजूने झिजले असतील तर चाकांचे अलाइनमेंट बिघडलेले असू शकते किंवा गाडीला जोराचा मार बसलेला असू शकतो. मीटर कमी किलोमीटर दाखवतो पण पेडलचे रबर गुळगुळीत झाले आहे, असे असेल तर सर्व्हिसिंगच्या पावत्या मागा.

कागदांत लपलेली गोष्ट

आरसी बुकातील चासिस आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी स्वतः जुळवा. टीएन ६८ हा कुंभकोणमचा क्रमांक. गाडीवर दुसऱ्या गावचा क्रमांक असेल म्हणून ती वाईट ठरत नाही, पण पुराच्या वेळी ती कुठे होती, हे विचारायला हरकत नाही.

मागच्या काही वर्षांच्या विमा पॉलिसीही मागा. क्लेम घेतला नाही तर मालकाला मिळणारी नो क्लेम बोनसची सवलत वर्षागणिक वाढत जाते. पुरानंतरच्या वर्षी ती एकदम शून्यावर आली असेल तर कुठल्या तरी नुकसानीचा क्लेम घेतलेला असण्याची दाट शक्यता आहे. ही सवलत मालकाची असते. ती गाडीबरोबर तुम्हाला मिळत नाही.

गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडी पुढे पुण्या-नाशकाला न्यायची असेल तर फॉर्म २८ चे ना हरकत प्रमाणपत्र घ्या आणि महाराष्ट्रातील नोंदणी व कराचा खर्च आधीच किमतीत धरा.

संकोच नको

शेवटी आपल्या विश्वासातल्या मेकॅनिकला सोबत न्या. मालकाने सुचवलेला मेकॅनिक नको. त्याला दिलेले थोडे पैसे पुढचा मोठा खर्च वाचवतात. मालकाने आग्रहाने फिल्टर कॉफी पाजली, घरच्यांची चौकशी केली, म्हणून व्यवहार झालाच पाहिजे असे नाही. मडके बद्द वाजले तर आपण ते खाली ठेवतो आणि दुसरे उचलतो. कुंभारही रागावत नाही.