पुंगळीवरच्या खुणा काय सांगतात?

रायफलमधून गोळी सुटल्यावर मागे उरते ती पितळेची रिकामी पुंगळी. अमेरिकेसह काही देशांत अनेक नेमबाज आणि शिकारी ती फेकून देत नाहीत. साच्यात दाबून ती पुन्हा मूळ मापाची केली जाते आणि नवा प्रायमर, दारू व गोळी भरून पुन्हा वापरली जाते. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय काडतुसे तयार करता येत नाहीत. त्यामुळे हा छंद येथे फारसा परिचित नाही. मात्र पुंगळीचे दुखणे ओळखण्याच्या शास्त्रातील एक महत्त्वाचा अध्याय भारतातच घडला आहे.

पुंगळीचे पितळ साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्ताचे असते. 'पॉइंट ३०८ विंचेस्टर' या प्रचलित काडतुसासाठी दाबाची मर्यादा दर चौरस इंचाला ६२,००० पौंड, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे ४,२०० पट आहे. बार उडताच पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि तप्त वायूंची मागची वाट बंद करते. पुंगळीच फुटली, तर हे वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे उसळू शकतात. म्हणूनच प्रत्येक पुंगळी भरण्यापूर्वी तपासावी लागते.

तपासणीत भेग कोठे आहे आणि कोणत्या दिशेने गेली आहे, हे सर्वांत महत्त्वाचे. मानेवर उभी भेग असेल, तर पितळ कडक झाले असे समजावे. दर वेळी मान फुगते आणि साच्यात पुन्हा आवळली जाते. तार वारंवार वाकवल्यावर तुटावी, तसाच हा प्रकार. तांबट भांडे घडवताना ते मधूनमधून तापवून मऊ करतो. त्याच न्यायाने पुंगळीची मान तापवल्यास तिचे आयुष्य वाढते. मात्र बूड कधीही तापवू नये. ते मऊ पडल्यास दाब सोसू शकत नाही. भेगाळलेली पुंगळी अर्थातच बाद करावी.

बुडाच्या किंचित वर आडवे, चकचकीत कडे दिसणे अधिक गंभीर. साच्यात पुंगळीचा खांदा गरजेपेक्षा मागे दाबला गेला की चेंबरमध्ये मोकळी जागा राहते. बाराच्या वेळी पुंगळीची भिंत चेंबरला धरून राहते, बूड मात्र मागे रेटले जाते आणि मधले पितळ ताणून पातळ होते. असे वारंवार घडल्यास बूड तुटून वेगळे होते. साच्याच्या घर्षणानेही चकाकी येते. म्हणून टोक वाकवलेली तार आतून फिरवून पाहतात. तार खाचेत अडकली, तर निदान पक्के. अशा वेळी तितक्याच वेळा वापरलेली सगळी खेप संशयित मानावी आणि साच्याची जुळणीही सुधारावी. अन्यथा नव्या पुंगळ्यांचीही तीच गत होते.

प्रायमर आपल्या खोबणीत विनासायास बसू लागला, किंवा त्याच्याभोवती काजळी दिसली, तर बहुधा अतिदाबाने खोबण सैल झालेली असते. नुसता चपटा झालेला प्रायमर हा मात्र अतिदाबाचा पुरेसा पुरावा नव्हे. मोकळ्या जागेमुळेही तो चपटा होतो.

काही भेगा मात्र बार न उडवताच पडतात. ब्रिटिश राजवटीत पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेल्या लष्करी काडतुसांना आपोआप तडे जात. ऋतूशी असलेल्या या संबंधामुळे त्याला 'सीझन क्रॅकिंग' हे नाव पडले. त्याची उकल १९२१ मध्ये झाली. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि घडणीच्या वेळी पितळेत राहिलेला ताण या तिघांचा हा संयुक्त परिणाम होता. पुंगळ्या तापवून हा ताण घालवणे आणि त्यांना अमोनियापासून दूर ठेवणे, हा त्यावरील उपाय. अमोनियायुक्त पॉलिशने पुंगळ्या घासू नयेत, हा आजचा नियम त्यातूनच आला आहे.

मानेवरची भेग वापराची असेल किंवा साठवणीची, आडवी भेग साच्याच्या चुकीची, तर सैल खोबण जादा दाबाची. पुंगळी बदलून यातले कोणतेच कारण दूर होत नाही; ते शोधूनच काढावे लागते. आणि शंका उरली, तर पुंगळी मोडीत टाकावी. डोळ्यांपेक्षा पितळ नक्कीच स्वस्त आहे.