वेड कुणाचं, रसिकता कुणाची?

कलेवर जीव टाकणाऱ्या माणसासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. रसिक, दर्दी, शौकीन, जाणकार. गाणं नीट ऐकता येणाऱ्याला तर आपण तानसेनाच्या जोडीला बसवून कानसेन म्हणतो. नट पडद्यापुढे येऊन समोरच्या गर्दीला मायबाप म्हणतो. व्याकरणाच्या हिशेबानं यांतले बरेच शब्द बाईलाही लावता येतील, पण वापरात ते पुरुषाच्या अंगावर बेतलेले दिसतात. रात्रभर मैफलीत बसून पहाटे घरी परतणारा गृहस्थ दर्दी असतो. दुपारची भांडी आटोपून मालिका लावणारी त्याची सून मात्र 'टीव्हीपुढून हलत नाही'. कानसेनचं स्त्रीलिंगी रूप मी अजून तरी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

या फरकाचा अभ्यास गेली पन्नासेक वर्षं जगात पद्धतशीर चालला आहे. तालुक्याच्या एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या नोकरीत माझी बरीच वर्षं गेली, आणि हा अभ्यास मी तिथेच, जसा हाती लागला तसा, उलटसुलट क्रमानं वाचला. विद्यापीठात जाऊन शिकले असते तर कदाचित नीट ओळीनं सांगता आला असता. इथे मी मला महत्त्वाचं वाटतं तेवढंच सांगणार आहे.

आधी शब्द. इंग्रजीतला 'फॅन' हा 'फॅनॅटिक'चा तुकडा, आणि फॅनॅटिकचं मूळ लॅटिनमध्ये, देवळाशी जोडलेलं. देवळात ज्याच्या अंगात येतं, तो. म्हणजे शब्दाच्या मुळाशीच शुद्ध हरपणं आहे. जोली जेन्सन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९९२च्या एका निबंधात साधा प्रश्न विचारला: एखाद्या गायकाची प्रत्येक तबकडी, प्रत्येक कात्रण जमवणारी व्यक्ती विकृतीच्या काठावरची, आणि एखाद्या थोर लेखकाचं प्रत्येक पत्र, प्रत्येक खर्डा जमवणारा प्राध्यापक विद्वान, असं का? आसक्ती तीच, कष्ट तेच. फरक कशावर प्रेम केलं यात, आणि कुणी केलं यात.

'कुणी केलं' या भागाकडे संशोधकांचं लक्ष जायला वेळ लागला. बर्मिंगहॅम विद्यापीठात समकालीन संस्कृतीच्या अभ्यासाचं एक नावाजलेलं केंद्र होतं. तिथली मंडळी सत्तरच्या दशकात कामगार वस्तीतल्या तरुणांचे कपडे, संगीत, टोळ्या यांच्याकडे बंडखोरीची भाषा म्हणून पाहत होती. १९७६ मध्ये अँजेला मॅकरॉबी आणि जेनी गार्बर यांनी त्याच केंद्रातून विचारलं, की या सगळ्यात मुली कुठे आहेत? त्यांचं उत्तर असं, की नाक्यावर उभं राहून पाहाल तर मुली दिसणारच नाहीत. त्या एखादीच्या झोपायच्या खोलीत जमतात, भिंतीवर आवडत्या गायकाचं चित्र लावतात, तबकडी ऐकतात, बोलतात. त्याला पैसे कमी लागतात, आईबाप हरकत घेत नाहीत आणि रस्त्यावरचा धोका नसतो. आपल्याकडे मुलीला स्वतःची खोली कुठली असायला! माजघर, गच्ची, जिन्याखालचा कोपरा. पण मुद्दा तोच. मुलींची हौस घराच्या आत घडत होती, म्हणून अभ्यासकांना ती दिसली नाही.

घराबाहेर आली तेव्हा ती किंचाळी म्हणून ऐकू आली. १९६४च्या फेब्रुवारीत बीटल्स अमेरिकेत उतरले. त्यांच्यासाठी ओरडणाऱ्या, रडणाऱ्या, पोलिसांचं कडं तोडणाऱ्या मुलींना तेव्हाच्या जाणत्यांनी उन्मादाचा रोग ठरवला. पुढे बार्बरा एरेनराइक आणि तिच्या दोन सहलेखिकांनी त्याच गर्दीचा वेगळा अर्थ लावला. सतत 'चांगली मुलगी' राहण्याची सक्ती असलेल्या समाजात हजारोंनी एकत्र येऊन, भर रस्त्यात, आपल्याला कुणीतरी हवंसं वाटतंय हे ओरडून सांगणं हीच एक फार मोठी गोष्ट होती. बंडाची घोषणा कुणी लिहिली नव्हती, पण बंड होतं.

आता ज्या दोन पुस्तकांनी माझी नजर बदलली त्यांच्याकडे येते.

पहिलं ईएन आंग यांचं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला नेदरलँड्समध्ये 'डॅलस' ही अमेरिकन मालिका गाजत होती. तेलवाल्यांचं श्रीमंत घर, भाऊबंदकी, लफडी. थोडक्यात, आपल्याला परकं वाटू नये असं सगळं. आंगना स्वतःला ती आवडायची. त्यांनी 'व्हिवा' नावाच्या स्त्रियांच्या मासिकात छोटी जाहिरात दिली: मला डॅलस पाहायला आवडतं, पण लोक त्यावर विचित्र प्रतिक्रिया देतात. तुम्हाला ती का आवडते किंवा का आवडत नाही, ते लिहून कळवाल का? ४२ पत्रं आली. पुरुषांची त्यांतली तीनच.

ही पत्रं वाचताना आंगच्या लक्षात आलं, की मालिका न आवडणाऱ्यांची भाषा तयार आहे. थिल्लर, पैशासाठी काढलेली, अमेरिकन कचरा. ही वाक्यं त्यांना शोधावी लागत नव्हती, ती हवेतच होती. आवडणाऱ्यांकडे मात्र भाषाच नव्हती. कुणी 'मी गंमत म्हणून पाहते' म्हणत होतं, कुणी 'मला कळतं हे भिकार आहे, तरीही' अशी सुरुवात करत होतं. आवडीसाठी कारण सापडत नव्हतं, म्हणून प्रत्येकजण आधी माफी मागत होतं. आणि तरीही पत्रांतून एक गोष्ट वर येत होती. बंगले, मोटारी यांतलं काहीच आपलं नाही हे बायकांना पक्कं ठाऊक होतं, पण त्या घरातली भीती, संशय, सुख टिकणार नाही ही खात्री त्यांना खरी वाटत होती. आंग याला भावनेच्या पातळीवरचा वास्तववाद म्हणतात.

हे वाचल्यावर वाचनालयात रोज कानावर पडणारी वाक्यं मला वेगळी ऐकू येऊ लागली. 'माझ्यासाठी नाही हो, सासूबाईंसाठी नेते.' 'डोक्याला ताण नको म्हणून आपलं काहीतरी द्या.' रहस्यकथा नेणाऱ्या एकाही पुरुषानं मला कधी असं स्पष्टीकरण दिल्याचं आठवत नाही.

दुसरं पुस्तक जॅनिस रॅडवे यांचं, 'रीडिंग द रोमान्स', १९८४ सालचं. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातल्या एका गावात (गावाचं नाव रॅडवेंनी बदलून स्मिथटन असं ठेवलं आहे) पुस्तकाच्या दुकानात काम करणारी एक बाई होती. कुठली प्रेमकादंबरी घ्यावी आणि कुठली सोडावी, हे ती इतकं अचूक सांगायची की तिच्या भरवशावर खरेदी करणाऱ्या बायकांचा एक गोतावळाच झाला होता. रॅडवेंनी या बायकांकडून प्रश्नावली भरून घेतल्या, त्याही ४२च! (या आकड्याच्या योगायोगावर कुणी प्रबंध लिहिला नाही हे नशीब.) कादंबऱ्यांत पुरुषसत्तेचं समर्थन कसं आहे हे शोधायला त्या गेल्या होत्या. बायका पुस्तकाबद्दल कमी आणि वाचण्याबद्दल जास्त बोलू लागल्या. हातात पुस्तक असलं की नवऱ्याला, मुलांना कळतं की आत्ता हिला हाक मारायची नाही. दिवसभर सगळ्यांचं करणाऱ्या बाईला तेवढा वेळ स्वतःचा मिळतो. कथेतला नायकही त्यांना मर्दानी हवा होता, पण शेवटी नायिकेची काळजी घेणारा हवा होता. त्यांच्या रोजच्या आयुष्यात काळजी घेण्याचं काम एकाच दिशेनं चालत होतं.

रॅडवेंचा निष्कर्ष मात्र मला पुरता पटत नाही. कादंबरीत भूक भागते, म्हणून खऱ्या घरात काही मागायची निकड उरत नाही, असा काहीसा त्यांचा सूर आहे. तासभर वाचायला मिळावा म्हणून घरात रोज करावी लागणारी ओढाताण मी पाहिली आहे. ती ओढाताण हीच मागणी असते.

आवडीतून लिहिणंही सुरू होतं, आणि तिथे मामला अधिक रंगतो. 'स्टार ट्रेक' ही अंतराळयानाची मालिका अमेरिकन दूरचित्रवाणीवर १९६६ ते १९६९ चालली. १९६७ मध्येच तिच्या चाहत्यांनी 'स्पॉकनेलिया' नावाचं हौशी नियतकालिक काढलं. पुढे अशी किती निघाली याला गणती नाही. त्यांत कथा लिहिणाऱ्या, चित्रं काढणाऱ्या, संपादन करणाऱ्या बहुसंख्य बायका होत्या. मालिकेतली पात्रं घ्यायची आणि त्यांना आपल्या मनासारखं जगायला लावायचं, असा तो उद्योग. सत्तरच्या दशकात काहीजणींनी कॅप्टन कर्क आणि स्पॉक या दोन नायकांमधल्या प्रेमाच्या कथा लिहिल्या. विज्ञानकथालेखिका जोआना रस हिनं त्यांचा गंभीरपणे विचार केला. बायकांनी दोन पुरुषांचं प्रेम का लिहावं? एक उत्तर असं, की दोघंही बरोबरीचे असतील, कुणालाच मागे घरी थांबावं लागणार नाही, असं प्रेम स्त्री-पुरुषांच्या ठरलेल्या साच्यात लिहून होत नव्हतं. १९९२ साली हेन्री जेन्किन्स आणि कॅमिल बेकन-स्मिथ यांची या लेखनविश्वावरची दोन पुस्तकं आली आणि या अभ्यासाला विद्यापीठांत बसायला खुर्ची मिळाली.

मराठी वाचकाला सायक्लोस्टाइल हा शब्द अनोळखी नाही. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांनी १९५०च्या दशकात 'शब्द' असंच काढलं होतं, आणि आपल्या लघुनियतकालिकांचा इतिहास तिथून सांगितला जातो. दोन्हींची वाङ्मयीन प्रत एकच, असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण घरच्या पैशानं, प्रस्थापित प्रकाशकाला वळसा घालून छापलेल्या एका गठ्ठ्याला चळवळ म्हटलं गेलं आणि दुसऱ्याला बराच काळ छंद. आता त्या हौशी नियतकालिकांचे संग्रह आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवलेले आहेत.

भारतात चाहत्यांवर झालेल्या अभ्यासाचा बराचसा भाग दक्षिणेकडचा आहे. सारा डिकी यांनी मदुराईत आणि एस. व्ही. श्रीनिवास यांनी चिरंजीवीच्या चाहत्यांमध्ये केलेलं काम पाहिलं, तर तिथले चाहतेसंघ म्हणजे जवळजवळ सगळे पुरुष. फलक, दुधाचा अभिषेक, रक्तदान शिबिरं, निवडणूक. १९७७ मध्ये एम. जी. रामचंद्रन आणि १९८३ मध्ये एन. टी. रामाराव मुख्यमंत्री झाले, तेव्हा चाहत्यांच्या या वेडाला राजकारण म्हणून अभ्यासणं भाग पडलं. राजेश खन्नाला बायका रक्तानं पत्रं लिहायच्या, ही गोष्ट आपण मात्र अजून किस्सा म्हणूनच सांगतो. किस्से सांगणाऱ्यांपैकी कुणी त्यांतल्या एकीला गाठून 'बाई, तू काय लिहिलं होतंस' असं विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

विचारलं तर काय हाती लागतं हे श्रयना भट्टाचार्य यांच्या २०२१ मधल्या शाहरुख खानविषयीच्या पुस्तकात दिसतं. त्या अर्थशास्त्रज्ञ. घरबसल्या मजुरी करणाऱ्या स्त्रियांच्या पाहणीत कंटाळलेल्या बायका शाहरुखचं नाव काढल्यावर बोलत्या झाल्या, आणि त्या बोलण्यातून मजुरी, नवरा, स्वतःच्या हातातला पैसा असं सगळं बाहेर आलं. चित्रपट पाहायचा तर तिकिटाचे पैसे हवेत, घराबाहेर पडायची मुभा हवी, तीन तास हवेत. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि ते काम करणारे पुरुष ९७. कुणाला किती रसिक होता येईल, याचा हिशेब या दोन आकड्यांतच आहे.

आपल्याकडे एका ठिकाणी मात्र बायकांच्या आवडीची भरपूर नोंद झाली. बालगंधर्व नेसत तशी साडी, ते माळत तसा गजरा घरोघरच्या स्त्रियांनी उचलला, हे प्रत्येक चरित्रात येतं. कॅथरिन हॅन्सन यांनी स्त्रीभूमिका करणाऱ्या नटांवर लिहिताना दाखवलं आहे की कुलीन स्त्रीनं दिसावं कसं, याचा नमुनाच हे पुरुष नट घडवत होते. मला टोचतं ते वेगळंच. आपण ही हकिकत नटाच्या थोरवीचा पुरावा म्हणून सांगतो. त्या बायकांनी काय उचललं, काय सोडलं, घरात त्यावरून कोण काय बोललं, हे कुणी टिपून ठेवलं नाही. ज्यांनी पाहिलं होतं त्या आता नाहीत.

म्हणून गेली काही वर्षं मी गाण्यांच्या वह्या जमवते आहे. 'आपली आवड' ऐकता ऐकता उतरवून घेतलेल्या, शाळेच्या उरलेल्या पानांच्या, सुतानं शिवलेल्या. बहुतेक घरांत त्या बाईच्या माघारी रद्दीत जातात. माझ्याकडे आल्या त्याही रद्दीवाल्याकडून किंवा 'असल्या कशाला हव्यात तुम्हाला' असं म्हणणाऱ्या मुलांकडून. कडेला दुधाचा हिशेब असतो. गायिकेच्या नावाखाली दोन रेघा असतात, गीतकाराच्या खाली एक. रेडिओवरचं गाणं हाताच्या वेगासाठी थांबत नाही, त्यामुळे ओळ निसटली की तिथे जागा मोकळी सोडलेली असते. पुढे कधीतरी तेच गाणं पुन्हा लागतं, आणि त्या जागेत ओळ भरली जाते, वेगळ्या शाईत, थोड्या घाईच्या अक्षरात. एका वहीत अशा सतरा जागा मी मोजल्या. चौदा भरलेल्या आहेत.