समीकरणाला भोके किती?

समीकरण सोडवायचे असते. त्याची भोके कशी मोजणार? प्रश्न विचित्र वाटेल, पण त्यात गणिताच्या दोन शाखांची गाठ पडते. बैजिक भूमिती ही समीकरणांनी ठरणाऱ्या आकृत्यांचा अभ्यास करते. संस्थितिशास्त्रात मात्र लांबी आणि कोन यांना महत्त्व नसते. आकृती रबराची मानायची आणि ती न फाडता, न चिकटवता कितीही ताणली तरी जे टिकते, तेवढेच पाहायचे. फुगा कसाही दाबला तरी त्याची सायकलची ट्यूब होत नाही, कारण ट्यूबला मध्ये भोक असते.

क्षचा वर्ग + यचा वर्ग = १ हे वर्तुळाचे समीकरण घ्या. क्ष आणि य यांना वास्तव किमतींबरोबर संमिश्र किमतीही देऊ या. एक संमिश्र संख्या दाखवायला रेषा पुरत नाही, प्रतल लागते. म्हणून संमिश्र संख्यांच्या जगातील 'रेषा' प्रतलासारखी पसरलेली असते. तिला एक अनंतस्थ बिंदू जोडला, की रुमालाचे काठ एकत्र आणून पोटली बांधावी तसा तिचा पोकळ गोल बनतो. असे बिंदू जोडल्यावर समांतर रेषाही एकमेकींना छेदतात. कोणत्याही दोन भिन्न रेषांना नेमका एक सामाईक बिंदू मिळतो.

आता एकाच बिंदूतून न जाणाऱ्या तीन रेषांची समीकरणे गुणू. तिसऱ्या कोटीचे समीकरण मिळेल. त्याची आकृती म्हणजे तीन गोल, दर दोन गोल एकेका बिंदूत चिकटलेले. सहगुणक योग्य रीतीने किंचित बदलले, की चिकटलेली प्रत्येक जागा उघडते आणि तेथे बारीक नळी तयार होते. दोन नळ्यांनी तिन्ही गोल जोडले जातात. तिसरी नळी वेढा पुरा करते आणि एक भोक पडते. म्हणजे सायकलची ट्यूबच!

चौथ्या कोटीत चार गोल आणि सहा नळ्या. तीन नळ्या गोल जोडण्यात खर्च होतात, उरलेल्या तीन नळ्या तीन भोके देतात. कोटी 'न' असेल, तर भोके (न − १) × (न − २) ÷ २ इतकी. वर्तुळाची कोटी २, म्हणून भोके शून्य.

पण ही तर खास निवडलेली समीकरणे. इतरांचे काय? सहगुणक हळूहळू बदलत एका समीकरणापासून त्याच कोटीच्या दुसऱ्यापर्यंत जाता येते. वाटेत टोक आलेल्या किंवा स्वतःला छेदणाऱ्या आकृत्या आडव्या येतात. वास्तव संख्यांच्या अरुंद वाटेवर असा खड्डा रस्ता अडवतो. संमिश्र संख्यांच्या मैदानात त्याला वळसा घालता येतो. म्हणून एकाच कोटीच्या सर्व गुळगुळीत वक्रांची भोके सारखीच असतात.

अशा पृष्ठांचा अभ्यास जर्मन गणिती बर्नहार्ट रीमान यांनी १८५१ व १८५७ च्या लेखनात सुरू केला. पण भोके मोजून मिळते काय?

वर्तुळाकडे परत पाहा. (−१, ०) या बिंदूतून १/२ चढाची रेषा काढली, तर ती वर्तुळाला (३/५, ४/५) येथे भेटते. हेच ३, ४, ५ हे पायथागोरसचे त्रिकूट. चढ २/३ घेतला, तर ५, १२, १३ मिळते. परिमेय चढ अनंत आहेत, म्हणून परिमेय उत्तरेही अनंत.

सहगुणक परिमेय असलेल्या वक्राला एक भोक असेल, तर परिमेय उत्तरे कधी मोजकी, कधी अनंत असतात. दोन किंवा अधिक भोके असतील, तर ती मोजकीच असतात, असे अनुमान मॉर्डेल यांनी १९२२ मध्ये मांडले. १९८३ मध्ये गेर्ड फाल्टिंग्ज यांनी ते सिद्ध केले. १९८६ मध्ये त्यांना फील्ड्स पदक मिळाले. फर्माच्या समीकरणात, म्हणजे क्ष आणि य यांच्या 'न'व्या घातांची बेरीज १ असते तेव्हा, न ४ किंवा अधिक असेल तर भोके किमान तीन. म्हणून अशा प्रत्येक घातासाठी परिमेय उत्तरे मोजकीच, हे लगेच कळले. घात २ पेक्षा मोठा असेल, तर क्ष किंवा य शून्य असलेली उत्तरे सोडून एकही उत्तर नाही, ही अंतिम सिद्धता अँड्र्यू वाइल्स यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केली.

रबराच्या आकृतीतील भोके अपूर्णांकांच्या जगावर अशी मर्यादा घालतात. आता पाचव्या कोटीसाठी गोल आणि नळ्या तुम्ही स्वतः काढून मोजा. सहा भोके आली पाहिजेत.