लंघन मांजराला चालत नाही

आमचा सोन्या म्हणजे नऊ वर्षांचा बोका. सकाळी फ्रिज उघडल्याचा आवाज आला, की घरात कुठेही असो, धावत यायचा. एका सकाळी तो आला, बशीतला मासा हुंगला आणि मान फिरवून कॉटखाली जाऊन बसला. दुसऱ्या दिवशीही तेच. शेजारच्या आजी म्हणाल्या, "राहू द्या उपाशी. भूक लागली की आपसूक खाईल." मलाही ते पटलं. लंघन हे परम औषध, असं ऐकतच आपण लहानाचे मोठे झालो ना! तिसऱ्या दिवशी मात्र त्याचं पोट भात्यासारखं हलताना दिसलं, तेव्हा त्याला टोपलीत घालून पशुवैद्यांकडे नेलं.

एक्स-रे झाला, टू-डी इको झाला. मांजराचाही टू-डी इको काढतात, हे मला त्या दिवशी कळलं. निदान झालं हृदयविकाराचं. मांजरांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या या विकारात हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होत जाते. आतली जागा कमी होते, शिवाय हृदय नीट सैल पडत नाही, त्यामुळे त्यात पुरेसं रक्त भरत नाही. मागे रक्त तुंबतं, त्यातलं पाणी फुप्फुसात किंवा छातीच्या पोकळीत झिरपतं आणि धाप लागते. मांजर पुष्कळदा बरेच महिने काहीच दाखवत नाही. आमच्याकडे पहिली खूण दिसली ती बशीपाशी.

"पण तो खात का नाही?" मी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, "काका, तुम्ही चार जिने चढून धापा टाकत आलात आणि कुणी पुढ्यात ताट ठेवलं, तर जेवाल का?" लघवीवाटे पाणी काढून टाकणारं इंजेक्शन त्यांनी दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोन्याने थोडं चिकन चाटलं.

पण गोष्ट तिथे संपत नाही. हेच औषध रोज चालू राहिलं, की शरीरातलं पाणी कमी होतं, पोटॅशियम वाहून जातं, मूत्रपिंडांवर ताण येतो. मग मळमळतं आणि अन्नावरची वासना उडते. म्हणून धाप नसतानाही मांजर खाईनासं झालं, तर रक्त तपासून घ्यावं लागतं. औषधाची मात्रा डॉक्टरांनीच बदलायची, आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही.

आणि लंघन? मांजर काही दिवस उपाशी राहिलं, त्यातून ते लठ्ठ असलं, तर अंगातली चरबी भराभर यकृतात जमा होऊ लागते. यकृताला तिचा निचरा करता येत नाही आणि तेच निकामी होत जातं. म्हणजे हृदयाच्या दुखण्यातून वाचलेलं मांजर उपासाने दगावू शकतं. पूर्ण एक दिवस त्याने तोंडाला काही लावलं नाही, तर डॉक्टरांना फोन करायचा, हा नियम मी तेव्हापासून पाळला.

माझ्या हातून एक मोठी चूक झाली. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून सोन्याला क्लोपिडोग्रेलची गोळी होती. ती महाकडू. मी हुशारी केली आणि गोळीचा तुकडा त्याच्या आवडत्या मांदेलीत लपवला. त्याने चावा घेतला, तोंडाला फेस आला आणि तो पळाला. त्यानंतर त्याने मांदेलीला कधी तोंड लावलं नाही. ज्या अन्नाबरोबर त्रास झाला, ते अन्न मांजर मनातून काढून टाकतं. जबरदस्तीने तोंडात कोंबलं तरी हेच होतं. डॉक्टरांनी तोडगा सांगितला. रिकाम्या कॅप्सूलमध्ये तुकडा घालून द्यायचा, वर ड्रॉपरने थोडं पाणी. औषध मोरीजवळच्या स्टुलावर, जेवण खिडकीपाशी. दोन्हींच्या जागा वेगळ्या झाल्यावर त्याचा बशीवरचा विश्वास हळूहळू परत आला.

मांजर नाकाने जेवतं म्हणायला हरकत नाही. त्याला गोड चव तर कळतच नाही. त्यासाठी लागणारं एक जनुक मांजरांत बिघडलेलं असतं, हे २००५ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. तेव्हा सगळी भिस्त वासावर. फ्रिजमधलं गार अन्न वास देत नाही. ते अंगाच्या उबेइतकं कोमट केलं, की वास सुटतो. पसरट बशी, दोन चमचेच अन्न, दिवसातून पाच-सहा वेळा आणि आजूबाजूला शांतता. अर्ध्या तासात खाल्लं नाही, तर बशी उचलायची. मागे लागायचं नाही. एवढं करूनही जमलं नाही, तर मळमळीवर आणि भुकेसाठी औषधं असतात. माणसांना नैराश्यावर देतात ते मिर्टाझापिन मांजराची भूक वाढवायलाही वापरतात, पण डॉक्टर सांगतील तेवढंच.

पथ्याचं विचारलं, तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "पथ्य नंतर, काका. आधी पोटात काहीतरी जाऊ दे." तरी स्वयंपाकघरातल्या काही गोष्टी वर्ज्यच. कोळीणमावशींनी प्रेमाने मूठभर सुकट दिली होती. तिचा वास आला की सोन्या वेडा व्हायचा. पण खारवलेल्या सुक्या मासळीतलं मीठ अंगात पाणी धरून ठेवतं, आणि हृदयावरचा भार वाढतो. मटणाच्या रश्श्यातला कांदा-लसूण त्याहून वाईट, त्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. नुसत्या पाण्यात शिजवलेलं चिकन किंवा काटे काढलेला ताजा मासा चालतो.

आणि आपली दूध-पोळी? मोठ्या मांजराला दूध पुष्कळदा पचत नाही. शिवाय टॉरिन नावाचं एक द्रव्य मांजराचं शरीर पुरेसं बनवू शकत नाही, ते मांस-मासळीतूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं, तर हृदयाची भिंत सैल पडून हृदय फुगतं, हे १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी दाखवलं. तेव्हापासून मांजरांच्या तयार खाद्यात टॉरिन पुरेसं घालतात आणि तो विकार विरळा झाला. सोन्याचा विकार वेगळा होता, पण दूध-पोळीवर वाढणाऱ्या मांजरांसाठी हे सांगायला हवं.

रोज रात्री तो झोपला, की घड्याळ लावून मी त्याचे श्वास मोजायचो. छाती वर आणि खाली, हा एक श्वास. मिनिटाला तीसच्या वर जाऊ लागले, की डॉक्टरांना कळवायचं. तोंड उघडून धापा टाकू लागला किंवा मागचे पाय अचानक लुळे पडले, तर वेळ न दवडता दवाखाना गाठायचा. दर रविवारी त्याला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभा राहायचो, माझं वजन वजा करायचो आणि उरलेला आकडा कॅलेंडरवर लिहायचो. चार किलो शंभरवरून तो साडेचारवर आला, त्या दिवशी शेजारच्या आजींनी आमच्या घरी खोबऱ्याची वडी पाठवली.

सोन्या त्यानंतर चौदा महिने राहिला. शेवटच्या आठवड्यात त्याने पुन्हा मान फिरवली. या खेपेला छातीतलं पाणी औषधाला दाद देईना. डॉक्टरांशी बोलून मी त्याच्यापुढे बशी सरकवणं थांबवलं आणि खिडकीपाशी नुसता त्याच्याजवळ बसून राहिलो. मांजर जेवत नाही, तेव्हा ते हट्ट करत नसतं, काहीतरी सांगत असतं. पहिल्या वेळी ते समजायला मला तीन दिवस लागले. तुम्हाला तेवढे लागू नयेत, म्हणून हे सांगितलं.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)