अंगावरून पांढरे जाते, बाई!

पोटात बाळ आहे आणि अंगावरून पांढरे जाते, सगळी ताकद त्यातूनच चालली, असे सांगणाऱ्या लेकीसुना आम्हाला नेहमी भेटतात. बोलायचे कुणाजवळ? सासूजवळ लाज, नवऱ्याजवळ त्याहून लाज. काही घरांत तर हाडे विरघळून पांढरे जाते असेही सांगतात. हाडांचा याच्याशी काही संबंध नाही. थकवा बहुतेक वेळा रक्त कमी असल्याने येतो, त्याची तपासणी करून घ्यावी आणि लोहाच्या गोळ्या चुकवू नयेत.

गर्भपिशवीच्या तोंडाशी बारीक ग्रंथी असतात, चिकट स्राव तिथे तयार होतो. त्यात 90 टक्क्यांहून अधिक पाणीच. उरलेल्यात म्युसिन नावाची लांब धाग्यांसारखी प्रथिने असतात, ती एकमेकांत गुंतून जाळी करतात. जाळी सैल की घट्ट, यावर सगळे अवलंबून. दोन पाळ्यांच्या मध्ये, बीज सुटण्याच्या सुमारास ती सैल होते. तेव्हा स्राव अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखा पातळ असतो, पाकासारखी तार धरतो. दिवस गेले की प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा जोर चढतो आणि तोच स्राव खळीसारखा दाट होतो; ताणला की तुटतो. गर्भपिशवीच्या तोंडात तो बुचासारखा घट्ट बसतो. वजन जेमतेम 10 ग्रॅम, पण खालचे जंतू बाळापर्यंत पोचू नयेत म्हणून राखण त्याचीच. त्यातले काही घटक जंतूंना मारतातही.

अमेरिकेत एमआयटी या संस्थेतील संशोधकांना असे दिसले, की वेळेआधी बाळंतपणाचा धोका असलेल्या स्त्रियांत हा स्राव जास्त ताणला जातो, त्याची जाळी ढिली असते. म्हणून कुणी घरी बोट घालून पाहू नये. त्यावरून घरी काही ठरत नाही, उलट जंतू आत जातील.

रोज कपड्याला लागते ते पातळ पांढरे म्हणजे बूच सुटले असे नव्हे. गरोदरपणात ते वाढतेच. तुरटीच्या पाण्याने आतून धुणे मात्र बंद करा, बाहेरून साधे पाणी पुरे. खाज, घाण वास, हिरवट किंवा दह्यासारखा स्राव असेल तर आशाताईंना सांगा, उपचार सोपा आहे.

दिवस भरत आले की बूच सुटते. शेंबडासारखा गोळा, कधी गुलाबी, कधी तपकिरी रेघ असलेला. कळा त्यानंतर काही तासांत येतील किंवा काही दिवसांनीही. त्यामुळे तेवढ्यावरून घाबरून धावायला नको. पण 37 आठवडे भरण्याआधी असे झाले, किंवा लाल रक्त गेले, तर लगेच दवाखाना.

खरी गफलत होते ती पाणी जाण्यात. पाणमोट फुटली तरी "पांढरेच जाते" म्हणून बाई घरी बसते आणि जंतूंना वाट मोकळी होते. स्राव चिकट, पाणी पाण्यासारखेच. कपडा भिजतो, उठले किंवा खोकले की अजून येते, आणि थांबवता येत नाही. दवाखान्यात त्याचा थेंब काचेवर वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर नेचाच्या पानासारखी नक्षी दिसते, दाट स्रावात सहसा ती उमटत नाही. घरी एवढेच करा: स्वच्छ कोरडी सुती घडी ठेवा, वेळ आणि रंग लक्षात ठेवा. पाणी हिरवट असेल तर क्षणभरही थांबू नका. शंका आली तरी 108 ला फोन करा, रात्र असली तरी.