एरेटर बसवला, पण बादली तेवढीच!

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी प्रपोजल घेऊन गाईडकडे गेले. विषय होता वसतिगृहातली पाणीबचत. गणित सोपं मांडलं होतं: नळातून मिनिटाला १२ लिटर पाणी येतं, एरेटर बसवला की ६ लिटर येईल, म्हणजे बचत ५० टक्के. मॅडमनी कागद पाहिला आणि विचारलं, "मुली आंघोळ कशाने करतात?"

"बादलीने, मॅडम."

"मग बादली लहान होणार आहे का?"

माझं अर्धं प्रपोजल तिथेच कोसळलं. तुम्हीही अशा विषयावर काम करायचं म्हणत असाल, तर ही चूक आधीच समजून घ्या.

एरेटर म्हणजे नळाच्या तोंडाला बसवायची छोटी जाळी. ती पाण्यात हवा मिसळते आणि प्रवाह कमी करते. हात धुताना नळ वाहताच असतो, तिथे बचत होते. पण २० लिटरची बादली भरायला पूर्वी १०० सेकंद लागत असतील, तर आता २०० लागतील; पाणी २० लिटरच. उलट बादली लवकर भरत नाही म्हणून कुणी नळ सोडून खोलीत गेलं आणि ती वाहून गेली, तर वापर वाढतोच.

म्हणून पहिला धडा: उपकरणावर लिहिलेला आकडा ही शक्यता असते, बचत नव्हे. प्रवाहावर चालणाऱ्या उपकरणासाठी खरा वापर म्हणजे प्रवाह × वेळ × किती वेळा. उत्पादक फक्त पहिली संख्या ठरवतो. उरलेल्या दोन माणसाच्या हातात असतात. शॉवरचा प्रवाह ३० टक्के कमी झाला आणि आंघोळीचा वेळ तेवढाच राहिला, तर बचत ३० टक्के. वेळ १० मिनिटांवरून १२ झाला, तर बचत १६ टक्क्यांवर येते. करून पाहा: ०.७ × १.२ = ०.८४.

दोन बटणांच्या फ्लशचंही तसंच. ६ आणि ३ लिटरची टाकी घ्या. दिवसात एकदा मोठं आणि चार वेळा छोटं बटण दाबलं, तर सरासरी ३.६ लिटर पडते. कोणतं बटण कशासाठी हे कळलंच नाही आणि सगळ्यांनी मोठंच दाबलं, तर ६. छोटं दोनदा दाबावं लागलं, तरी ६. टाकी तीच, फरक वापराचा.

कार्यक्षमता वाढली की वापर वाढतो, याला 'रिबाउंड इफेक्ट' म्हणतात. मुळात ही कल्पना कोळशाची. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये ती मांडली. पण रिबाउंड आहे म्हणजे बचत शून्य, असा निष्कर्ष काढू नका. अमेरिकेत कॅन्ससमधल्या बर्न या छोट्या गावात १९९७ साली घरोघरी कार्यक्षम वॉशिंग मशीन देऊन मोजणी झाली. त्या माहितीचं विश्लेषण ल्यूकस डेव्हिस यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलं: नवं मशीन आल्यावर कपडे धुणं सरासरी ५.६ टक्क्यांनी वाढलं. समजा, एका धुण्यामागे पाणी ४० टक्के कमी लागतं. मग १०० लिटरच्या जागी ६० × १.०५६, म्हणजे सुमारे ६३ लिटर. बचत थोडी घटली, पण टिकली. रिबाउंड किती, हे मोजायचं असतं. गृहीत धरायचं नसतं.

मोजायचं कसं? माझं सुधारलेलं प्रपोजल असं होतं: मजल्यानुसार वेगळे मीटर. काही मजल्यांवर एरेटर, काहींवर नाही, म्हणजे उन्हाळा किंवा परीक्षेमुळे झालेला बदल एरेटरच्या खात्यात जात नाही. बसवण्याआधीचीही नोंद हवी, नाहीतर तुलना कशाशी करणार? शिवाय फक्त प्रश्नावलीवर विसंबायचं नाही. "तुम्ही किती वेळ आंघोळ करता?" याचं उत्तर आणि मीटर क्वचितच जुळतात. आणि पहिल्या आठवड्यावरून निकाल लावायचा नाही, कारण आपलं पाणी मोजलं जातंय हे कळलं की लोक जपून वापरतात.

सगळ्यात आधी मात्र बाथरूममध्ये जाऊन बघा, लोक पाणी वापरतात कसं. मी बादली पाहिली असती, तर गाईडसमोरची ती पाच मिनिटं वाचली असती.